भूल म्हणजे झोप नव्हे

१/
आजीच्या पित्ताशयातील खडे काढण्याची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी तिने मला विचारले, "पोरी, भूल देत्यात म्हंजी नेमकं काय करत्यात गं?" मी इतिहासाची विद्यार्थिनी, पण घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मी एकटीच असल्याने कोणत्याही विषयातला प्रश्न अखेर माझ्याकडेच येतो. मी म्हणाले, "काही नाही गं आजी, गाढ झोप लागते. उठलीस की पहिल्यासारखी." हे उत्तर मी पूर्ण खात्रीने दिले होते आणि ते चूक होते. आजचा धागा त्या उत्तराची दुरुस्ती करण्यासाठी लिहीत आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आजी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची, वय ७८. भूल तिला नवी नव्हती. १९६८ च्या सुमारास अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिला ईथर दिले होते. तारेच्या जाळीवर कापडाच्या घड्या घालून ती जाळी नाकातोंडावर धरायची आणि वरून थेंब थेंब ईथर सोडायचे, अशी ती पद्धत. तो गोडसर, घशाला झोंबणारा वास तिला आजही आठवतो. "आकडे मोज," असे कोणीतरी म्हणाले. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. वीसपर्यंत मोजून झाले तरी भूल चढेना, म्हणून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेस कुठवर पोहोचली, ते तिला सांगता येत नाही.

३/
या वेळी तिला मोजायला अवधीच मिळाला नाही. शिरेतून औषध गेले आणि काही क्षणांत ती हरपली. पुढची भूल टिकवली ती श्वासावाटे दिलेल्या सेव्होफ्लुरेनच्या वाफेने. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. त्या रात्री मात्र आजीने मला ओळखले नाही. ती मला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाका मारत होती, हातातली सुई ओढत होती, खाटेशेजारच्या यंत्रावरचे हिरवे दिवे पाहून "काजवं आलं, आता पाऊस यील" असे म्हणत होती. दोन रात्री अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी ती भानावर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर म्हनाली व्हतीस, झोप असती."

४/
मला उत्तर सुचले नाही. पुढचे दोन महिने अभ्यासातून वेळ काढून मी याच विषयावर वाचत राहिले. भूलशास्त्र शिकणाऱ्या एका मैत्रिणीला छळून अवघड भाग समजून घेतला. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु एखादी समजूत कुठून आली, ती कोणी रुजवली आणि ती चुकीची आहे हे केव्हा कळले, हे शोधणे हेच तर आमच्या शास्त्राचे काम. भुलीच्या इतिहासात अशा समजुती अनेक सापडतात.

५/
प्रथम शब्द पाहू. मराठीत भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर आणि भूल म्हणजे मोहिनी. रानात वाट चुकलेल्याला रानभूल पडते, रूपाला माणूस भुलतो, हिशेबाच्या अखेरीस भूलचूक देणेघेणे असते. इंग्रजी शब्द ग्रीकवरून घडवलेला. त्याचा अर्थ संवेदनेचा अभाव. मराठी शब्दात वेदना नाही, झोपही नाही. आहे तो विसर आणि भ्रम. आजीची पिढी "गुंगी दिली" असेही म्हणते. माझ्या उत्तरातली "झोप" यांपैकी कोणत्याच शब्दात नव्हती.

६/
भूल प्राचीन भारतात होती, असे सांगणारे संदेश आपण सर्वांनी वाचले आहेत. त्यांत ‘भोजप्रबंधा’तील ‘संमोहिनी’चा दाखला हमखास असतो. येथे काळाचे भान हवे. भोज राजा अकराव्या शतकातला आणि बल्लाळाचा हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे ही कथा राजानंतर सुमारे ५०० वर्षांनी लिहिलेली आहे. वेदना बधिर करण्याची इच्छा पुरातन आहे, मद्य, अफू, भांग यांचा वापरही पुरातन आहे. पण हव्या तेव्हा देता येईल, हव्या तेव्हा उतरवता येईल, अशी भूल एकोणिसाव्या शतकातच हाती आली.

७/
१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. २२ मार्च १८४७ रोजी ईथर कलकत्त्यात वापरले गेले. त्याच सुमारास बंगालमध्ये जेम्स एस्डेल हा शल्यचिकित्सक रुग्णांवर हात फिरवून, मोहिनी घालून शस्त्रक्रिया करत होता. आपल्या शब्दाचा तो अक्षरशः अर्थ! ईथरच्या आगमनाने ती पद्धत मागे पडली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म पुढे आणले, आणि हिंदुस्थानात पुढची कित्येक दशके वर्चस्व राहिले ते क्लोरोफॉर्मचेच.

८/
त्यामागे हवामानही होते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. आमच्या जिल्ह्यातील वैशाखात त्याची बाटली उघडी ठेवली तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय ते झटकन पेट घेते. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू ६१ अंश, ते पेटत नाही आणि थोडेसेच पुरते. परंतु त्याला एक भयंकर खोड होती. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच दगावली. असे मृत्यू पुढेही घडत राहिले. आधी काय थांबते, हृदय की श्वास? यावर लंडन आणि एडिंबरो यांचे कधीच एकमत झाले नाही.

९/
या वादाचा निकाल लावण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो आपल्या शेजारी. आमच्या जिल्ह्याच्या ईशान्येला गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द लागत असे. आजचा मराठवाडा त्याच राज्यात होता. राजधानी हैदराबादेत एडवर्ड लॉरी हा वैद्यकीय शाळेचा प्रमुख होता. तो एडिंबरोच्या जेम्स साइमचा शिष्य. गुरूची शिकवण अशी की, क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहू नये, श्वासावर लक्ष ठेवावे. लॉरीने १८८८ मध्ये पहिला ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ भरवला, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मने मरण येते ते श्वास थांबल्याने. हृदयाला थेट धोका नाही.

१०/
लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा सहावा निजाम महबूब अली खान याने १,००० पौंड देऊ केले आणि तुमचाच माणूस पाठवा, असे कळवले. १८८९ मध्ये नामवंत औषधशास्त्रज्ञ थॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादेस आला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन येताना हृदयाच्या पक्षाचा होता. जाताना लॉरीच्या पक्षाचा झाला. वैद्यकातील वादासाठी एका देशी संस्थानाने इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रयोग करवून घेणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. लॉरीच्याच तालमीत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी विद्यार्थिनी क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झाली. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

११/
एवढे करूनही निष्कर्ष चुकला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळले, तर हृदयाचे स्नायू एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि मृत्यू ओढवतो. हैदराबादच्या आयोगाचा भर मात्रा वाढवत नेऊन आधी काय बंद पडते, हे पाहण्यावर होता. तेथे श्वास आधी थांबतो, हे खरेच होते. मात्र भूल अर्धीमुर्धी असताना, भीतीने किंवा सुरीच्या पहिल्या स्पर्शाने ज्याचे हृदय धडधडू लागले आहे, असा रुग्ण त्यांच्या प्रश्नातच बसत नव्हता. हॅना ग्रीनरच्या मृत्यूचे कारण हेच असावे, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

१२/
लॉरीचा प्रसंग मी इतका लांबवला, कारण तो वाचताना मला माझे वाक्य आठवले : "उठलीस की पहिल्यासारखी." लॉरी खोटारडा नव्हता, आळशी नव्हता. त्याला आपल्या अनुभवाची फार खात्री होती, आणि त्या खात्रीची किंमत खाटेवर पडलेल्या माणसाला द्यावी लागली. भुलीच्या इतिहासाची एक अडचण आहे : भूल चढलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही. या विषयातील बहुतेक सर्व कागदपत्रे जाग्या असलेल्यांनी लिहिली आहेत.

१३/
तरीही भूल देण्याचे काम चालूच राहिले आणि ते चालू राहणे आवश्यक होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याचे कैदी महात्मा गांधी यांचे अपेंडिक्स कर्नल मॅडॉक यांनी काढले. भूल क्लोरोफॉर्मची होती. वादळी पावसात मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. रुग्ण वाचला, क्लोरोफॉर्मची वाफ त्याच्या मेंदूत नेमके काय करत होती, हे त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते. जगातही कोणाला ठाऊक नव्हते.

१४/
ठाऊक होती ती एक संगती. १८९९ मध्ये हान्स मेयर आणि १९०१ मध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी स्वतंत्रपणे एक नियम मांडला. बेडकाच्या पिल्लांना निरनिराळ्या द्रव्यांची भूल देऊन त्यांनी पाहिले की जे द्रव्य ऑलिव्ह तेलात अधिक विरघळते, ते अधिक प्रभावी ठरते. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. म्हणून तर्क असा झाला की भुलीचे औषध त्या आवरणात शिरते, आवरण फुगते किंवा सैल होते आणि पेशीचे काम बिघडते. हा तर्क इतका सुटसुटीत होता की सुमारे ८० वर्षे तोच प्रमाण मानला गेला.

१५/
तडे हळूहळू दिसू लागले. अल्कोहोलचेच पाहा. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून बनणारे अल्कोहोल दोन कार्बनांचे. कार्बनांची साखळी लांबवत गेले की अल्कोहोल तेलात अधिकाधिक विरघळते आणि भूल पाडण्याची शक्तीही वाढते. मात्र साधारण १२-१३ कार्बनांनंतर ही शक्ती एकाएकी नाहीशी होते. तेलातील विद्राव्यता तेवढी वाढतच राहते. स्निग्ध आवरणात कितीही लांब रेणू मावायला हवा. ठरावीक लांबीपुढे तो निकामी होत असेल, तर त्याची जागा एखाद्या ठरावीक मापाच्या कप्प्यात असली पाहिजे. असे कप्पे प्रथिनांत असतात.

१६/
हे सिद्ध करण्यास मदत झाली ती काजव्यांची. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरच्या परिसरात मे अखेरीपासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडे काजव्यांनी लखलखतात. आता ते पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज हे प्रथिन, प्राणवायू आणि पेशीतील ऊर्जा यांच्या साहाय्याने त्याचा उजेड होतो. १९८४ मध्ये लंडनचे निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याचे हे प्रथिन शुद्ध स्वरूपात घेतले. त्यात स्निग्धाचा अंशही नव्हता. त्यात भुलीची औषधे मिसळताच उजेड मंदावला.

१७/
मंदावला तोही ज्या मात्रेत प्राण्यांना भूल पडते साधारण त्याच मात्रेत, आणि एकदोन नव्हे तर अनेक प्रकारच्या औषधांनी. औषधाचा रेणू प्रथिनातील ल्युसिफेरिनच्या जागी जाऊन बसत होता. त्यांचा काजवा अमेरिकी जातीचा होता, आमच्या हिरड्यावरचा नव्हे. प्रकाशाची रासायनिक क्रिया मात्र तीच. काजव्याच्या प्रथिनाने माणसाला भूल पडत नाही, हे उघड आहे. पण स्निग्ध आवरण नसतानाही भुलीची औषधे थेट प्रथिनाशी जुळू शकतात, एवढे त्या मावळत्या उजेडाने दाखवून दिले. आजीला खाटेशेजारी दिसलेले काजवे आणि हे काजवे यांचा काही संबंध नाही, हे मला कळते. तरीही हा शोध वाचताना मी काही वेळ थांबले.

१८/
मग मेंदूतील ती प्रथिने कोणती? त्यासाठी चेतापेशींचे बोलणे कसे चालते, ते थोडक्यात पाहू. शांत असताना चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेशी चेतना मिळाली की आवरणातली सोडियमची दारे उघडतात, धन भार आत लोटतो आणि विजेची लहर पेशीच्या टोकापर्यंत धावते. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी टोकाकडून रासायनिक संदेशवाहक सुटतात आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना चिकटतात. काही संदेशवाहक ‘बोल’ म्हणतात, काही ‘गप्प राहा’ म्हणतात. मेंदूचे सारे काम या दोहोंच्या तोलावर चालते.

१९/
‘गप्प राहा’ सांगणारा मुख्य संदेशवाहक म्हणजे गाबा. तो आपल्या ग्राहीला चिकटला की क्लोराइडचा ऋण भार आत येतो आणि पेशी अधिक मंद होते. ईथर, हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन या वाफा त्या ग्राहीवर बसून गाबाचा परिणाम लांबवतात. दार उघडे राहते ते नेहमीपेक्षा अधिक वेळ. दुसरीकडे त्या पोटॅशियमची काही विशिष्ट दारे उघडतात. धन भार बाहेर झिरपतो आणि पेशी आणखी शांत होते. तिसरे म्हणजे, पेशीच्या टोकाकडून संदेशवाहक सुटणेच कमी होते. नायट्रस ऑक्साइडची तऱ्हा वेगळी : तो ‘बोल’ सांगणाऱ्या ग्लुटामेटच्या एका ग्राहीलाच अडवतो. म्हणजे एकच कुलूप आणि एकच किल्ली असा हा मामला नव्हे. एकाच वेळी अनेक दारांवर थोडा थोडा हात फिरतो.

२०/
या शोधात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे के. एस. कृष्णन आणि अमेरिकेतील हॉवर्ड नॅश यांनी १९९० मध्ये फळमाश्यांवरचे काम प्रसिद्ध केले. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्याच या माश्या. हॅलोथेनच्या वाफेत इतर माश्या कोसळल्या तरी तग धरून राहणारे जनुकीय वाण त्यांनी वेगळे काढले. पुढे उलगडले की त्यांतील काही वाणांत बिघाड होता तो आवरणातील अशा एका वाहिनीत, जिच्यातून सोडियम सतत थोडा थोडा आत पाझरतो. हा पाझर पेशीला बोलण्याच्या तयारीत ठेवतो. जनुकातील एका बदलाने भुलीचा परिणाम बदलतो, यावरून भूल ठरावीक प्रथिनांवर अवलंबून आहे, या मताला मोठे बळ मिळाले.

२१/
आता आजीच्या आकड्यांकडे येऊ. ईथर रक्तात फार विरघळते. सुरुवातीला श्वासावाटे आलेले बरेचसे ईथर रक्तच पिऊन टाकते, त्यामुळे मेंदूतील त्याचा जोर सावकाश वाढतो. म्हणून आजीला वीसपर्यंत मोजून पुन्हा मोजायला वेळ मिळाला. सेव्होफ्लुरेन रक्तात फारच कमी विरघळते; ते लवकर चढते आणि लवकर उतरते. दुसऱ्या खेपेचे आकडे तिला का आठवत नाहीत, याचेही उत्तर आहे. शुद्ध हरपण्यास लागते त्याहून कमी मात्रेतच नव्या आठवणी नोंदणे बंद होते. ती मोजत होती, पण मेंदू टिपून ठेवत नव्हता. वेदनेने अंग हलू नये, यासाठी मात्र सर्वाधिक मात्रा लागते, आणि ते काम मुख्यतः मेंदूत नव्हे तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत घडते.

२२/
म्हणजे विसर वेगळा, बेशुद्धी वेगळी, निश्चलता वेगळी. भूल हे या तिन्हींचे एकत्र नाव आहे. आणि ती झोप नव्हे. झोपेत मेंदू ठरावीक टप्प्यांतून फिरत राहतो, स्वप्ने पाहतो. हाक मारली की जागा होतो. भुलीत हाकच काय, सुरीही जागे करत नाही. मेंदूच्या विद्युतलहरी मोठ्या आणि संथ होतात. भूल फार खोल गेली तर लहरींमध्ये सपाट विरामही पडतात. कान आवाज घेतो, मेंदूच्या संबंधित भागापर्यंत त्याची चाहूलही पोहोचू शकते. पण मेंदूच्या एका भागाचे दुसऱ्या भागाशी चालणारे संभाषण तुटलेले असते. शुद्धीचा अर्थ बहुधा त्या संभाषणात आहे, असे अनेक संशोधक मानतात. शेवटचा शब्द अजून कोणी लिहिलेला नाही.

२३/
मग त्या दोन रात्रींचे काय? शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्णांत असा गोंधळ उद्भवणे विरळा नाही. त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, बहुतेकांत तो काही दिवसांत ओसरतो. सगळा दोष वाफेवर टाकणेही योग्य नाही. शस्त्रक्रियेने शरीरात उठणारा दाह, वेदना, इतर औषधे, मोडलेली झोप, परकी खोली, ही सारी कारणे एकत्र येतात. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांत संपूर्ण भूल आणि मणक्यात सुई देऊन केलेली बधिरता यांची तुलना करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात २०२१ मध्ये दोन्हींकडे गोंधळाचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. वयानुसार वाफेची गरजही घटते. चाळिशीनंतर दर दशकाला साधारण ६ टक्क्यांनी. ७८ वर्षांच्या मेंदूला तरुण मेंदूइतकी मात्रा लागत नाही.

२४/
यांतले काहीच मी आजीला आधी सांगितले नव्हते. आम्हाला ते कोणी सांगितले नाही, हे खरे. पण मी विचारलेही नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असे मला वाटत होते. तिचा चष्मा आणि कानातले यंत्र आम्ही हरवू नये म्हणून घरी ठेवून आलो होतो. वृद्ध रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच द्यावे, दिवसा खिडकीचा उजेड आणि रात्री अंधार मिळावा, ओळखीचे माणूस जवळ असावे, वार आणि वेळ सांगत राहावे, या साध्या गोष्टींनी गोंधळाची शक्यता कमी होते, हे मला नंतर वाचायला मिळाले. तिने त्या दोन रात्री धूसर आणि अर्धबहिऱ्या जगात काढल्या.

२५/
मागच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा ओट्यावर बसून आजीला पुन्हा उत्तर दिले. म्हटले, "आजी, झोप नव्हती ती. गावात समदी जागी असावीत, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकूच जाऊ नये, तसं होतं. औषध उतरलं की बोलणं पुन्हा सुरू होतं. पण म्हाताऱ्या माणसात ते नीट जुळायला कधी कधी दोन-चार दिवस लागतात." तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस, तर मी भ्याले नसते. मला वाटलं, मला येडच लागलं." त्या दोन रात्रींत तिला मधूनमधून भान येत होते आणि आपले काहीतरी बिनसले आहे, हे तिला कळत होते. हे तिने आम्हाला आजवर सांगितले नव्हते.

२६/
वाचकांना दोन विनंत्या. घरातील ज्येष्ठांची शस्त्रक्रिया असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी भेटा; पूर्वीची भूल, चालू औषधे, विसरभोळेपणा, सारे सांगा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गोंधळाबद्दल आपणहून विचारा. त्यांचा चष्मा बरोबर न्या. आणि ज्यांना जाळीवरचे ईथर आठवते अशी माणसे तुमच्या घरी असतील, तर त्यांची आठवण साल-गावासह लिहून ठेवा. ती पिढी मावळत आहे, आणि भूल घेतलेल्याची साक्ष आपल्या दप्तरांत फारच थोडी आहे. आजीची साक्ष मी लिहून काढली आहे : एक ते वीस, आणि पुन्हा एकपासून.

धागा समाप्त. चूकभूल द्यावी घ्यावी.